बजेट ७० हजार: आय७ घ्यावा की ग्राफिक्स कार्डावर जास्त पैसे टाकावेत?

ऐरोली_सेक्टर८
नमस्कार मंडळी, धाकट्या भावासाठी गेमिंग पीसी जमवायचाय, डिप्लोमाला आहे आणि कधीचा मागे लागलाय. बजेट ७० हजार, तेही फक्त कॅबिनेट आणि आतल्या सामानाचं, कारण मॉनिटर घरी आहे (२४ इंची, फुल एचडी, ७५ हर्ट्झ), कीबोर्ड माउस पण आहेत. सध्या मित्राकडे जाऊन व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळतो, पुढे सायबरपंक आणि फोर्झा होरायझन ५ खेळायचंय म्हणतो, शिवाय कॉलेजचं कोडिंग.

ठाण्यात एका दुकानातून कोटेशन काढलं. आय७ १२७०० प्रोसेसर, १६ जीबी रॅमची एकच स्टिक, ५१२ जीबी एसएसडी आणि आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड. दुकानदार म्हणतो प्रोसेसर एकदाच घ्यायचा असतो, कार्ड काय नंतर पण बदलता येतं. भाऊ म्हणतो हे एकदम उलटं आहे, आणि घरात दोन दिवस तेच चाललंय. पैसे माझे जाणारेत म्हणून नीट समजून घ्यायचंय की प्रोसेसर आणि कार्ड यांत पैसे वाटायचे कसे? जुनं कार्ड घेतलं तर चालतं का? आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जावं की इथेच घ्यावं?

घोडबंदर_गेमर
ताई, भाऊ बरोबर सांगतोय, त्याचं ऐका.

गेममध्ये प्रत्येक फ्रेमचं, म्हणजे स्क्रीनवरच्या एकेका चित्राचं, काम दोघांत वाटलेलं असतं. कोण कुठे आहे, गाडी कुठे आदळली, गर्दीतला माणूस कुठे वळला हे सगळं प्रोसेसर ठरवतो आणि मग काय काय काढायचं ते कार्डाला सांगतो, कार्ड ते रंगवून स्क्रीनवर टाकतं. म्हणजे एक जण पोळ्या लाटतोय, दुसरा भाजतोय. लाटणारा कितीही झपाझप लाटू दे, तवा एवढासा असेल तर ताटात पोळी तव्याच्याच वेगाने येणार. तुमच्या कोटेशनमध्ये नेमकं तेच झालंय, १२७०० मध्ये १२ कोअर (काम करणारे भाग) आणि २० थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) आहेत, सायबरपंकमध्ये ते ३०५० ची वाट बघत बसतील.

आणि ती ३०५० किती जीबीची आहे ते विचाराच. त्या नावाची दोन कार्डं बाजारात आहेत, २०२२ ची ८ जीबीवाली आणि २०२४ मध्ये आलेली ६ जीबीवाली. नाव एकच, पण ६ जीबीवालीत कोअर कमी आणि मेमरी बस (कार्डाच्या मेमरीचा रस्ता) १२८ ऐवजी ९६ बिट, त्यामुळे ती सरळ सरळ हळू आहे. कोटेशनवर नुसतं ३०५० लिहिणं मला अजिबात पटत नाही.

माझं मत, कार्डाला बजेटच्या ४० टक्क्यांच्या आसपास आणि प्रोसेसरला २० टक्क्यांच्या आत. प्रोसेसर आय५ १२४००एफ किंवा रायझन ५ ५६००, दोन्ही ६ कोअर १२ थ्रेड, दोन्हींच्या बॉक्समध्ये पंखा येतो. कार्ड आरटीएक्स ४०६० किंवा आरएक्स ७६००, नाहीच बसलं तर आरएक्स ६६००. तिन्ही ८ जीबी. रॅम एक स्टिक नको, ८-८ च्या दोन घ्या, एका स्टिकवर मेमरीचा अर्धा रस्ता बंद राहतो आणि ते गेममध्ये जाणवतं.

जुईनगर_लोकल
वरच्या उत्तराशी सहमत, पण "कार्डच सगळं" असं पण नाही हां. व्हॅलोरंटमध्ये कार्डाला फारसं काम नसतं, तिथे फ्रेम प्रोसेसर ठरवतो. तुमचा मॉनिटर ७५ हर्ट्झचा आहे म्हणजे एका फ्रेमला साधारण १३ मिलिसेकंद मिळतात, तेवढ्यात १२४००एफ आरामात काम उरकतो. उद्या भावाने १४४ हर्ट्झचा आणला तर तोच वेळ ७ मिलिसेकंदांवर येतो आणि मग प्रोसेसर किती दमाचा आहे ते कळायला लागतं. म्हणून मॉनिटर आणि गेम दोन्ही सांगितल्याशिवाय कुणी टक्केवारी सांगत असेल तर ती अर्धवट समजा.

कार्डासाठी पैसे वाचवायचे म्हणून आय३ १२१००एफ वर मात्र उतरू नका. ४ कोअर आहेत, सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) बरे दिसतात पण सायबरपंकच्या गर्दीच्या बाजारात शिरलं की मध्येच अडकल्यासारखं होतं, आणि खेळताना डोळ्याला सरासरी दिसत नाही, तो झटका दिसतो.

भावाला एक गोष्ट शिकून घेऊ दे, मित्राच्याच पीसीवर करता येईल. आफ्टरबर्नर नावाचं सॉफ्टवेअर टाकून स्क्रीनच्या कोपऱ्यात कार्डाचा वापर दिसेल असं करायचं. फ्रेमवर कुठलं लिमिट नसताना कार्ड ९७-९९ टक्क्यांवर असेल तर अडतंय कार्डापाशी. कार्ड ६० वर रेंगाळतंय आणि एफपीएस तरी वाढत नाहीत तर बहुतेक प्रोसेसर अडलाय. खात्री करायला रिझोल्यूशन खाली आणून बघायचं, तरीही एफपीएस तेवढेच राहिले तर प्रोसेसरच. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ४० टक्के दिसतो म्हणून फसू नका, तो सगळ्या कोअरचा मिळून आकडा असतो, त्यातला एखादा थ्रेड पूर्ण भरलेला असला तरी एकूण आकडा कमीच दिसतो.

जुनं कार्ड चालतं, पण बिल असेल आणि सीरियल नंबरवर वॉरंटी शिल्लक असेल तरच. आपल्याकडे खाडीजवळची दमट हवा, त्यामुळे मागच्या पट्टीवर गंज आहे का बघा, स्क्रूंची डोकी घासलेली असतील तर कार्ड उघडलेलं आहे, आणि विकणाऱ्यासमोर निदान अर्धा तास गेम चालवून मगच पैसे द्या.

कळव्याहून_दादर
एसएमपीएसबद्दल (पीसीला वीज देणारा डबा) कुणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस कृपया वापरू नका, पावसाळ्यात आपल्याकडे लाइट कशी ये-जा करते माहितीये. ५५० वॉटचा ब्राँझ रेटिंगवाला (हे वीज कमी वाया घालवण्याचं रेटिंग), नावाजलेल्या कंपनीचा घ्या. ४०६० चं रेटिंग ११५ वॉट, ७६०० चं १६५, दोघांनाही पुरतो.

लॅमिंग्टन रोडला नक्की जा, ठाण्याहून फास्टने दादर, तिथून वेस्टर्नची स्लो पकडून ग्रँट रोड. रविवार टाळा, बरीच दुकानं बंद असतात. सगळ्याचा एकत्र भाव न घेता एकेका पार्टचा वेगळा भाव लिहून घ्या, कारण २०२५ च्या शेवटापासून रॅम फार महागली आहे आणि एकत्र कोटेशनमध्ये कुठे काय कमी केलंय ते कळत नाही. १८ टक्के जीएसटीचं बिल, त्यावर सीरियल नंबर, हे सोडू नका. फरक हजार दीड हजाराचा असेल तर मी ठाण्यातूनच घेईन, वॉरंटीसाठी परत एवढ्या लांब कोण जाणार.

ऐरोली_सेक्टर८
खूप आभार सगळ्यांचे! फोन करून विचारलं, ३०५० ही ६ जीबीवालीच निघाली. ते कोटेशन रद्द. १२४००एफ आणि ४०६० किंवा ७६०० यातलं जे बजेटमध्ये बसेल ते घेतोय. भाऊ आता इंटेल आर्क बी५८० कार्ड म्हणतोय, १२ जीबी आहे म्हणून. आणि १२४००एफ मधल्या "एफ" चा काही तोटा?

जुईनगर_लोकल
बी५८० चांगलं कार्ड आहे, पण त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) प्रोसेसरला जास्त कामाला लावतो, स्वस्त प्रोसेसरसोबत काही गेममध्ये ते मागे पडतं. शिवाय बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) रिसाइझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, चालू पाहिजेच. तुमच्या बजेटमध्ये मी ४०६० किंवा ७६०० वरच थांबेन.

एफ म्हणजे प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच येणार नाही. म्हणून मॉनिटरची केबल मदरबोर्डला न लावता खाली कार्डाला लावायची, आणि विंडोज टाकून झालं की डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ७५ हर्ट्झ निवडायचं, कधीकधी ते आपोआप ६० वरच राहतं.