मदत हवी आहे : मॅकआर्थर सगळीकडे, रिजवे कुठेच नाही?

मंडळी, कोरियन युद्धावर वाचतोय आणि एका जागी अडलोय. सप्टेंबर १९५० मध्ये कोरियातल्या इंचॉन बंदरात सैन्य उतरवून अमेरिकन सेनापती मॅकआर्थरने बाजी उलटवली, पण पुढे चिनी फौजा आल्या आणि सगळं अंगाशी आलं. डिसेंबरात तिथल्या अमेरिकन आठव्या सैन्याचा प्रमुख जनरल वॉकर जीपच्या अपघातात गेला, त्याच्या जागी मॅथ्यू रिजवे आला. खचलेलं सैन्य त्याने उभं केलं, मार्च १९५१ मध्ये सोल परत घेतलं. एप्रिलमध्ये अमेरिकी अध्यक्ष ट्रुमनने मॅकआर्थरला काढलं, तेव्हा ती जागाही यालाच! मिरवणुका मात्र निघाल्या बडतर्फ झालेल्याच्या. रिजवेने इतक्या थोड्या दिवसांत नेमकं काय बदललं? रसद, अधिकारी, की लढायची पद्धत? मराठीत कुणी यावर नीट लिहिलंय का? इंग्रजीही चालेल, फक्त आत्मचरित्र नको.