तीन क्यूबिटांचा कोड: न मोजता चूक कशी शोधायची?

प्रश्न
अ|०⟩ + ब|१⟩ ही अवस्था तीन क्यूबिटांवर (क्वांटम संगणकाच्या बिटांवर) पसरवली: अ|०००⟩ + ब|१११⟩. एका क्यूबिटवर एक्स चूक (० चा १, १ चा ०) टाकली आणि तिन्ही मोजून बहुमत घेतलं, तर सुपरपोझिशनच (० आणि १ एकत्र असणं) उडते. झेड (|१⟩ चं चिन्ह उलटवणारी, म्हणजे फेज चूक) टाकली तर काहीच हाती लागत नाही. मग या कोडचा उपयोग काय? आणि इतक्या चुका होणार असतील तर बीक्यूपी हा वर्ग (क्वांटम संगणकाला व्यवहार्य वेळात सुटणाऱ्या प्रश्नांचा) नुसता कागदावरचाच ना?

उत्तर १
डेटा क्यूबिट मोजायचेच नाहीत. 'हे दोघे सारखे आहेत का', एवढंच विचारायचं. दोन सहायक क्यूबिट |०⟩ मध्ये घ्या. डेटा १ व २ वरून पहिल्या सहायकावर एकेक सी-नॉट (कंट्रोल १ असेल तरच टार्गेट उलटवणारा गेट), २ व ३ वरून दुसऱ्यावर. मग फक्त सहायक मोजा. १० आलं तर पहिला बिघडलाय, ११ तर दुसरा, ०१ तर तिसरा. त्यावर एक्स लावा. ०० असेल तर हात लावू नका. या मोजणीतून अ-ब बद्दल काहीच कळत नाही, म्हणूनच ते शाबूत राहतात.

हमखास चुकतं ते दोन ठिकाणी: सी-नॉट उलटा लागतो (सहायक टार्गेट हवा), किंवा पुढच्या फेरीआधी सहायक रिसेट करायचा राहतो.

क्यूबिट एक्स अक्षाभोवती थोड्याच कोनातून फिरला असला तरी हेच चालतं. मोजणीनंतर एक तर चूक उरत नाही, नाहीतर पुरती एक्स होते.

उत्तर २
झेड कुठल्याही क्यूबिटवर पडला तरी अ|०००⟩ − ब|१११⟩ होतं. सारखेपणा तसाच, म्हणून सिंड्रोम (सहायकांचा निकाल) ००. उलट झेड पडायला आता तीन जागा, म्हणजे फेज चुकीची शक्यता जवळपास तिप्पट! एक्सची प्रत्येकी १% शक्यता मात्र सुमारे ०.०३% वर येते. दोन एकदम बिघडले तर दुरुस्तीच अंगावर येते.

गणितज्ञ पीटर शोर यांनी १९९५ मध्ये नऊ क्यूबिटांचा कोड दिला: तीन-तीनचे गट, गटाच्या आत एक्सची तपासणी, गटागटांत फेजची. कुठलीही एक चूक सुधारायला किमान पाच क्यूबिट लागतात. सरफेस कोडला (क्यूबिट जाळीत मांडणारा कोड) अंतर ७ साठी (एकदम तीन चुका सुधारण्याइतकं) ४९ डेटा आणि ४८ मोजणीचे लागतात, पण गेट शेजाऱ्यांपुरतेच. यंत्र बांधणाऱ्याला तेच परवडतं.

उत्तर ३
बीक्यूपीचं: थ्रेशोल्ड प्रमेयानुसार गेटची चूक ठरावीक मर्यादेखाली असली, तर जादा खर्च गणनेच्या आकारमानाच्या लॉगच्या एखाद्या घाताच्याच पटीत वाढतो. म्हणजे वर्ग बदलत नाही. अवयव पाडणं त्यात बसतं. एनपी-कम्प्लीट प्रश्न (उत्तर तपासायला सोपे, पण शोधायला फार अवघड मानलेले) मात्र बसतात असं कुणी दाखवलेलं नाही. ग्रोव्हरच्या क्वांटम सर्चमधून (धुंडाळण्याच्या पद्धतीतून) वर्गमुळाइतकाच फायदा मिळतो.