जरब : मार गेला, धाक राहिला

'जरब बसवणे' म्हणजे पुन्हा आगळीक करायला मन धजणार नाही अशी भीती घालणे. शब्द मूळचा अरबी, मराठीत आला तो फारसीच्या वाटेने. मूळ 'जर्ब' म्हणजे प्रहार, ठोका. नाणी हातोड्याच्या ठोक्याने पाडत, म्हणून नाणे पाडण्यालाही 'जर्ब'च. मुघल नाण्यांवर हा शब्द टांकसाळीच्या गावाच्या नावासोबत येतो: 'जर्ब सूरत', म्हणजे सुरतेत पाडलेले. उर्दूत गुणाकारालाही जर्बच म्हणतात.

मराठीने यातला प्रत्यक्ष मार सोडला आणि माराची भीती तेवढी ठेवली. मला हा अर्थपालट फार आवडतो. मार बसतो, फटका बसतो, तशी जरबही 'बसते'. अर्थात धाक आणि वचकही बसतातच, त्यामुळे क्रियापदावरून व्युत्पत्ती ठरवता येणार नाही.

खरी गंमत छटांमध्ये आहे. जरब आवाजात असते, नजरेत असते. 'तिने जरबेने विचारले' यात ना आरडाओरडा आहे ना शिवीगाळ; उत्तर द्यावेच लागेल एवढे मात्र समोरच्याला कळते. दरारा माणसाच्या नावाभोवती असतो, तो माणूस समोर नसला तरी जाणवतो. वचक बहुतेकदा नसल्यावरच आठवतो: 'पोलिसांचा वचक राहिला नाही'. दहशत मात्र वेगळ्या जातीची. अरबीत त्या शब्दाचा अर्थ थक्क होणे, भांबावणे असा आहे. मराठीत ती माणसाला गोठवून टाकणारी भीती झाली.

म्हणून 'गावगुंडांची परिसरात जरब' असे वाचले की मला खटकते. जरबेमागे काहीतरी अधिकार लागतो, कायद्याचा, वयाचा किंवा नैतिक. शिक्षेची जरब म्हणावे, बाईंची जरब म्हणावे. गुंडांची असते ती दहशत, आणि तिला तेच नाव द्यायला हवे. शब्द बदलला की नकळत त्यांना मान मिळतो.

'जरब' आणि 'जबर' यांची अक्षरे तीच असली तरी नाते नाही. 'जबरदस्त'मधला जबर फारसी आहे, अर्थ 'वर'. दस्त म्हणजे हात. ज्याचा हात वर, तो जबरदस्त. लिहिताना आणखी एक: जरब स्त्रीलिंगी, म्हणून 'त्याची जरब', 'जरबेत ठेवणे'. 'त्याचा जरब' हे रूप बहुधा धाक आणि वचक यांच्या संगतीने आले असावे, पण ते चूकच.