शब्दचर्चा : अल्फा हिमोलिसिस = 'अंशतः रक्तविलयन'?

अनुस्वार : डीएमएलटीची (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) प्रात्यक्षिक-पुस्तिका मराठीत करतोय. ब्लड अगारवर, म्हणजे रक्त घातलेल्या जेलीवर, स्ट्रेप्टोकोकस जिवाणूची कॉलनी भोवतालच्या तांबड्या पेशींचं काय करते, त्यावरून हिमोलिसिसचे अल्फा, बीटा, गॅमा हे प्रकार. बीटाला 'पूर्ण रक्तविलयन', अल्फाला 'अंशतः रक्तविलयन' लिहिलं, तर तपासणाऱ्या बाईंनी 'अंशतः'वर लाल गोल मारला. आणि गॅमाला काय लिहू? तिथे तर काहीच विरघळत नाही.

खडीसाखर : बाईंचं बरोबर आहे. न्यूमोकोकस नि विरिडन्स हे स्ट्रेप्टोकोकस हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात, त्याने हिमोग्लोबिनचं मेटहिमोग्लोबिन होतं, म्हणून कॉलनीभोवती हिरवट कडा दिसते. तांबड्या पेशी बऱ्याच अंशी शाबूत असतात. 'हरितवलय' लिहा. जिवाणूतज्ज्ञ ब्राऊनने १९१९ मध्ये अल्फा-बीटा-गॅमा लावलं खरं, पण 'गॅमा हिमोलिसिस' म्हणजे हिमोलिसिस नाहीच. हा घोळ मराठीत कशाला आणायचा?

तळटीप : मुळात 'विलयन'च चूक. संस्थानं विलीन झाली, फुटली नाहीत! इथे पेशी फुटते. 'रक्तपेशीभंजन' म्हणा. तसंच स्ट्रेप्टोकोकसला 'साखळी गोलाणू' का? ग्रीक 'स्ट्रेप्टोस' म्हणजे पीळ दिलेला. 'पीळगोलाणू' हवं.

ठेचा_भाकरी : तोंडी परीक्षेत 'रक्तपेशीभंजन' म्हणणाऱ्या पोराचं भंजन होईल, राव. बेंचवर अल्फा, बीटा, नॉन-हिमोलिटिक एवढंच चालतं. शब्दापेक्षा प्लेट बघा. पुस्तिकेत कुठलं रक्त सांगितलंय?

अनुस्वार : ब्लड बँकेतलं मुदत संपलेलं.

ठेचा_भाकरी : मग वलयाला काहीही नाव द्या, दिसणार चुकीचंच. त्यात रक्त गोठू नये म्हणून सिट्रेट असतं, दात्याची प्रतिपिंडं असतात, कधी अँटिबायोटिकही. बी गटाचा स्ट्रेप्टोकोकस ओळखायच्या कॅम्प टेस्टचा बाणही नीट उमटत नाही. मेंढीचं डिफायब्रिनेटेड (गुठळी करणारं फायब्रिन काढलेलं) रक्त घ्या, ५ टक्के, अगार ४५-५० अंशांवर आल्यावरच. घाई केलीत तर उष्णतेने पेशी फुटून तपकिरी चॉकलेट अगार होईल.

खडीसाखर : आणि लूपने (जिवाणू उचलायची तारेची कडी) अगारमध्ये दोन-तीन टोचे मारायला सांगा. पेशी फोडणारं स्ट्रेप्टोलायसिन ओ हवेतल्या ऑक्सिजनने निकामी होतं. वर फिकट वाटणारं बीटा टोच्याच्या आत लख्ख दिसतं.

तळटीप : 'लूप'ला 'फासा' म्हणता येईल.

ठेचा_भाकरी : म्हणा की. पण फाशाने ब्लड अगारवरची कॉलनी उचलून कॅटालेज चाचणी (हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून बुडबुडे बघायची) करू नका, तांबड्या पेशीच बुडबुडे काढतात. न्यूमोकोकसची वाढ रोखणाऱ्या ऑप्टोचिनची ५ मायक्रोग्रॅमची, ६ मिमीची चकती. ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये चकतीभोवतीचं वाढ नसलेलं वलय १४ मिमी किंवा जास्त असेल तर न्यूमोकोकस. कमी भरलं तर बाइल सोल्युबिलिटी (पित्तक्षारात जिवाणू विरघळतो का) करा.

खडीसाखर : 'चकती' झकास. पण बॅसिट्रॅसिन या अँटिबायोटिकची चकती ०.०४ युनिटचीच, हे ठळक छापा. कपाटात १० युनिटची असते, पोरं तीच ठेवतात आणि मग बी गटही 'सेन्सिटिव्ह' येऊन पायोजिनेस (ए गट) ठरतो. त्यात सी नि जी गटातले काहीही ०.०४ला दबतात, तेव्हा पीवायआर ही एन्झाइम-चाचणी करा.

तळटीप : 'सेन्सिटिव्ह'ला 'संवेदनशील' नको हं. ते कवींसाठी.

ठेचा_भाकरी : 'दबतो' लिहा. खडीसाखरेने आत्ताच वापरलाय.