फिशटँकचं पाणी ३२ अंशांवर जातंय, थंड कसं ठेवू?

सोनपरी
नमस्कार. घरी ८० लिटरची टाकी आहे, त्यात तीन गोल्डफिश. दोन वर्षं काहीच त्रास नव्हता. गेल्या आठवड्यापासून दुपारी तीनला थर्मामीटर ३२ दाखवतो. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत राहतात, कल्ले इतके भराभर हलतात की बघवत नाही. काल घाबरून चारेक किलो बर्फ थेट पाण्यात टाकला. तासाभरात पारा २७ वर आला आणि सगळ्यात मोठा मासा तळाशी कुशीवर कलंडला. आज सकाळी सावरलाय, पण आता काही करायची भीतीच वाटते. चिलर (टाकीचं पाणी थंड करणारं यंत्र) घ्यावाच लागेल का?

पाणकणीस
आधी हवेचं बघा, मग थंडाव्याचं. मासे वर येतात ते श्वास पुरत नाही म्हणून. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. शिवाय उष्ण पाण्यात माशाची गरज वाढते, म्हणजे दोन्हीकडून कोंडी. एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवा. फिल्टरचं तोंड असं वर वळवा की पाण्याचा पृष्ठभाग सतत हलत राहील. लाइट दुपारी बंद. फिल्टर मात्र गरम होतो म्हणून बंद करू नका, त्यातल्या, पाणी स्वच्छ ठेवणाऱ्या जिवाणूंनाही ऑक्सिजन लागतो.

शेवाळ
चिलरच्या आधी साधा पंखा लावून बघा. झाकण काढून छोटा टेबल फॅन तिरका ठेवा, वारा पाण्यावरून सरकत गेला पाहिजे. थंडावा बाष्पीभवनाने येतो. तुमच्या ८० लिटरमधलं एक लिटर पाणी उडालं तर कागदावरच्या हिशोबाने उरलेलं सात अंशांनी उतरायला हवं. खोलीची उष्णता परत आत शिरत राहते, त्यामुळे हाती दोन-तीन अंशच लागतात. पण गोल्डफिशसाठी तेवढा फरकही मोठा. हवा दमट असेल तर याचा उपयोग फार होत नाही, हे आधीच सांगतो.
उघड्या टाकीतून मासे उडी मारतात, म्हणून वर जाळी टाका. रोज कमी झालेलं पाणी भरा, शक्यतो आरओचं, कारण वाफ उडते पण क्षार मागेच राहतात.

सोनपरी
पंखा आजच लावते. मग बर्फ अजिबात नको का?

पाणकणीस
खडे नकोत. एक लिटरच्या बाटलीत बर्फ करा, बूच घट्ट लावून ती टाकीत तरंगत ठेवा. पूर्ण वितळेपर्यंत तुमचं पाणी साधारण सव्वा अंशाने उतरेल. एका वेळी एकच बाटली. दुपारी २६ आणि रात्री पुन्हा ३१ अशा झोक्यापेक्षा स्थिर २९ माशांना सोसतं. काल मासा कलंडला तो बहुधा या झटक्यामुळेच.
खाणं निम्म्यावर आणा. उरलेलं खाणं लवकर कुजतं आणि तापलेल्या पाण्यात अमोनियाचा विषारी भाग वाढतो. पाणी बदलाल ते थोडं थोडं, क्लोरीन काढून.

गढूळ
आमच्याकडे डिस्कस जातीचे मासे आहेत, त्यांना २९-३० अंशच लागतात. त्यामुळे "३० म्हणजे संपलंच" असं सगळ्यांनी समजू नये. गोल्डफिश मुळात थंड पाण्याचा, त्याला २०-२२ बरं. आणि मनापासून सांगतो, राग मानू नका, ८० लिटरमध्ये तीन गोल्डफिश म्हणजे दाटी आहे. गारव्याच्या दिवसांत ते खपून जातं, उन्हाळ्यात ऑक्सिजन तिथेच कमी पडतो. चिलरचे पैसे मोठ्या टाकीत घाला. तरी घेतलाच, तर मोकळ्या हवेशीर जागी ठेवा, कारण पाण्यातून काढलेली उष्णता तो खोलीतच सोडतो.

सोनपरी
चार दिवसांनी कळवते आहे. पंखा, एअर पंप आणि दुपारी एक बाटली. काल तीनला २८.५, रात्री २८. मोठा मासा आज खाण्यासाठी काचेपाशी आला, कल्ले संथ हलत होते. रोज सकाळी पाऊण लिटर पाणी भरते. मोठ्या टाकीचं मनावर घेतलंय. तिघांना १८० लिटर पुरेल का?