केकोवाची बोट काशहून की उचाजहून? उद्यापर्यंत सांगा

ताई (सध्या अमळनेर)
मंडळी, तुर्कस्तानात केकोवा बेटाशी पाण्यात बुडालेलं गाव बघायला जायचंय, बोटवाल्याला उद्या आगाऊ रक्कम पाठवायची आहे आणि बोट कुठून सुटणार तेच अजून ठरलेलं नाही. मी म्हणते उचाज, ते बेटाच्या जवळचं गाव. आपण एकोणीस जण, त्यात सहा ज्येष्ठ इकडून खानदेशातून येणार. काशहून गेलो तर अख्खा दिवस बोटीत आणि वाटेत उघडा समुद्र. सासूबाईंना शहात्तरावं लागलंय, गुडघे धरलेले. काल त्यांना फोटो दाखवले, तर म्हणाल्या, "पानीम्हा बुडेल गाव दखाले येवढं लांब जानं शे?" जरा थांबून पुढे, "मी येसू." त्यांना त्रास होऊ द्यायचा नाही.

नाना
मुक्काम काशला, मग उचाजला जायला वेगळी बस कशाला? किनाऱ्याचे उभे कडे आणि मधल्या खाड्या बोटीतूनच दिसतात, खरी मजा त्याच वाटेवर आहे. शिवाय बसचा मागचा अनुभव सगळ्यांना आठवत असेल. दीड तास रस्त्यावर उभे होतो.

वहिनी
नाना, मागच्या वेळी बस वेळेवर होती. उशीर डबे भरण्यात झाला आणि ते डबे मी एकटीनं भरले. या वेळी भरीत आणि कळण्याच्या भाकरीचं काम दोन घरांनी वाटून घ्यावं. मुलांनी पाण्यात बघायचे चष्मे आणि नळ्या आणल्यात, त्यांना तिथे उतरता येईल ना?

दादा
वहिनी, बुडालेल्या गावावर पोहायला बंदी आहे. १९९० साली तो सगळा भाग संरक्षित झाला. नंतर इतरत्र सूट मिळाली, पण गावाच्या पट्ट्यात अजून नाही. मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर बोटीत रडारड होईल. शेजारच्या खाडीत बोट थांबते, तिथे मनसोक्त पोहू देत.

मी गेलो होतो तेव्हा बेटाच्या उत्तर कडेनं बोट अगदी हळू नेली. खडकात कोरलेल्या पायऱ्या वरून येतात आणि सरळ पाण्यात उतरतात. तीन-चार हिरव्या होऊन दिसतात, त्याखाली नुसता निळा रंग. बाजूला घराची अर्धी भिंत, अर्धी पाण्यात. दुसऱ्या शतकातल्या भूकंपात जमीन खचली आणि गाव खाली गेलं, असं सांगतात. समोरच्या कालेकोय गावात उथळ पाण्यात एक लिसियन, म्हणजे तिथल्या प्राचीन लोकांची, दगडी शवपेटी उभी आहे, झाकण उलट्या नावेसारखं. तिथे गाडीरस्ता नाही, बोटीनं नाहीतर पायी जायचं. वर किल्ला आहे, आत खडकात कोरलेलं सात ओळींचं छोटं नाट्यगृह. चढ मात्र खडा आहे, ज्येष्ठांना धक्क्यावरच बसवा.

अप्पा (शहादा)
दादा, मला धक्क्यावर बसवू नका. नोकरीत असताना मी नर्मदाकाठच्या मणिबेलीला जात असे. तेव्हा नंदुरबार धुळे जिल्ह्यातच होतं. शूलपाणेश्वराची चैत्रातली यात्रा मी जुन्या देवळात पाहिली आहे. सरदार सरोवराच्या पाण्यात ते देऊळ गेलं, गावाची शेतं गेली. पुढे त्याच पाण्यावरून बोटीनं गेलो, तेव्हा खाली काय आहे ते ठाऊक असून काही दिसेना. गढूळ पाणी. म्हणून मला त्या पायऱ्या स्वच्छ पाण्यात डोळ्यांनी बघायच्या आहेत. बोट कुठूनही घ्या, सकाळची घ्या. वारा सुटला की पाणी हलतं आणि तळ दिसत नाही.

नाना
अप्पा, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. काशहून निघालो तर गावापाशी पोचेपर्यंत दुपार होईल. मग असं करू, ज्येष्ठ आणि लहान मुलं सकाळी बसनं उचाजला जाऊ देत. आम्ही सात जण काशहून समुद्रमार्गे येतो आणि जेवायला कालेकोयला भेटतो. बस मी ठरवतो, वेळेची जबाबदारी माझी.

वहिनी
डबे मग दोन ठिकाणी लागतील. बसमध्ये बारा, बोटीत सात. ठेचा वेगळ्या बरणीत देते, ज्येष्ठांच्या डब्यात नको.

ताई
ठरलं. उद्या सकाळी उचाजच्या बोटवाल्याला बारा जणांचे पैसे पाठवते. नाना, तुमच्या सातांचं तुम्ही बघा. दादा, एवढं आठवून आजच कळवा: बोटीत चढायला पायरी होती की नुसती फळी? फळी असेल तर कठडा लावून मागते. सासूबाई सकाळपासून तेच विचारताहेत.