मदत हवी आहे: इब्री 6:4-6 वाचून तारणाची खात्री डळमळली आहे

जय ख्रिस्त. आमच्या घरसभेतल्या एका वयस्क मावशी बायबलमधलं इब्री 6:4-6 (विश्वासात येऊन मागे पडलेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य, हा इशारा) वाचल्यापासून धास्तावल्या आहेत. "माझ्यासाठी आता पश्चात्तापाची वाटच उरली नाही," असं म्हणून त्यांनी प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या आठवणीत घेतली जाणारी भाकर आणि प्याला) घेणं थांबवलंय. बाप्तिस्मा झालेला आहे, प्रार्थना चालू आहे, लपवलेलं पाप नाही. पाळकसाहेबांना कल्पना आहे.

योहान 10:28-29 (येशूच्या मेंढरांना त्याच्या हातातून कोणी हिसकावू शकत नाही) आणि रोम 8:38-39 (देवाच्या प्रीतीपासून काहीच वेगळं करू शकत नाही) वाचून झालं. त्यावर त्यांचं उत्तर एकच: "ती वचनं खऱ्या मेंढरांसाठी, मी त्यांतली आहे कशावरून?" मग 1 योहान घेतलं, तर प्रीती आणि आज्ञापालनाच्या खुणा त्या परीक्षेसारख्या तपासू लागल्या आणि स्वतःला नापास करून बसल्या. खात्री ख्रिस्ताच्या कामावर उभी असते, खुणा नंतर येतात. हा क्रम आमच्याकडून उलटा झाला, असं वाटतं.

आता इब्री 6:9-10 (वाचकांविषयी लेखकाची खात्री) आणि 1 योहान 3:19-20 (मन दोष देत असलं तरी देव मनापेक्षा थोर आहे) घ्यायचा विचार आहे. वेळ 45 मिनिटं. सभेत वेगवेगळ्या मंडळ्यांची कुटुंबं आहेत, त्यामुळे "एकदा तारण म्हणजे कायमचं" हा वाद नको. इशाऱ्याची धारही बोथट करायची नाही.

तारण हरवण्याची भीती वाटणारा माणूस आणि ख्रिस्ताला जाणूनबुजून धिक्कारणारा माणूस यांतला फरक इब्री 6 याच अध्यायातून कसा दाखवाल, आणि सुरुवात कुठल्या ओवीपासून कराल?